खरखर राहू दे

आमच्या टीममध्ये एक प्राणी आहे. दिवसभर डेटाबेसच्या क्वेऱ्या लिहितो आणि उरलेल्या वेळात बीथोवनच्या सिंफन्यांची रेकॉर्डिंग्ज गोळा करतो. बीथोवनच्या सिंफन्या नऊ. फक्त नऊ! पण एकट्या पाचवीचीच याच्याकडे सतरा-अठरा रेकॉर्डिंग्ज आहेत, आणि त्याची रीतसर एक्सेल शीट आहे. हर्बर्ट फॉन कारायान नावाच्या कंडक्टरनं नऊच्या नऊ सिंफन्या आधी लंडनच्या वाद्यवृंदाबरोबर पन्नासच्या दशकात केल्या, मग बर्लिनच्या वाद्यवृंदाबरोबर साठच्या दशकात, पुन्हा सत्तरच्या, पुन्हा ऐंशीच्या. एकाच माणसानं! मग त्यातल्या साठच्या भारी की सत्तरच्या, यावर हा लंच ब्रेक संपेपर्यंत बोलू शकतो. पाचवी मात्र कार्लोस क्लायबरचीच घ्यायची म्हणे, व्हिएन्नाची, १९७४ची. त्यावर चर्चा नाही.

परवा त्यानं मला विचारलं, "तुमच्याकडे असं असतं का रे? एकच गाणं, दहा जणांनी गायलेलं, आणि त्यातलं कुठलं घ्यायचं?"

म्हटलं, असतं की. गेले सहा महिने मी तेच करतोय.

तर झालं असं. माझे वडील, अण्णा, अंबाजोगाईला असतात. तीस-एक वर्षं जिनिंगमध्ये फिटर होते. कापसातून सरकी वेगळी करणारी डबल रोलर मशीनं एका ओळीत वीस-पंचवीस लावलेली असतात, आणि सीझनमध्ये ती दिवसरात्र चालतात. शेजारच्या माणसाच्या कानात ओरडून बोलावं लागतं. कानाला लावायला काही देत नसत, आणि दिलं असतं तरी कुणी लावलं नसतं हेही खरं. एवढी वर्षं त्या आवाजात काढल्यावर कानाचं जे व्हायचं ते झालं. लातूरला नेऊन ऑडिओमेट्री केली. तो आलेख पाहून मला माझ्या मॉनिटरिंग डॅशबोर्डवर सर्व्हर पडतो तेव्हाची रेघ आठवली. खालचे स्वर बऱ्यापैकी ठीक, हजार हर्ट्झच्या पुढे उतार, आणि चार हजारला सरळ दरीत. डावा कान थोडा बरा, उजवा वाईट.

म्हणजे माणसाला ऐकू येतं, पण कळत नाही. 'स', 'श', 'थ', 'फ' ही व्यंजनं वरच्या पट्टीत राहतात, ती जातात. 'साखर' म्हटलं की 'आखर' ऐकू येतं. घरातली माणसं म्हणतात, "अहो, मोठ्यानं तर बोलतेय!" मोठ्यानं बोलून स्वर मोठे होतात, व्यंजनं नाही. आईला हे समजावता समजावता माझा घसा बसला.

आणि अण्णांना या जगात दोन गोष्टी आवडतात. एक म्हणजे बिघडलेली मोटर, आणि दुसरी नाट्यसंगीत. आता आमच्याकडे मराठवाड्यात नाट्यसंगीत कुठून आलं, असं पुण्याची मंडळी विचारतात. रेडिओवरून आलं! आकाशवाणीचं परभणी केंद्र लागायचं, रात्री मुंबई पकडायची. अण्णांचं सगळं शिक्षण तिथलं. बाकी आमच्या तालुक्यात गाण्याची वानवा होती असं अजिबात नाही. पखवाजवाले पद्मश्री शंकरबापू आपेगावकर आमच्याच तालुक्यातल्या आपेगावचे. (पैठणजवळचं आपेगाव वेगळं, ते ज्ञानेश्वरांचं. हे दर वेळी सांगावं लागतं.) पखवाज अण्णांना अजूनही पूर्ण ऐकू येतो. खालच्या पट्टीतलं वाद्य आहे ना! कीर्तनाला गेले की पखवाजाशेजारी बसतात आणि बुवा काय म्हणाले ते घरी येऊन आईला विचारतात.

कानाची मशीनं आणली. चांगली, महागाची. पहिल्या दिवशी अण्णांनी आईचा आवाज ऐकला आणि म्हणाले, "तू कवापासनं अशी बोलायलीस?" सगळे हसलो. संध्याकाळी त्यांनी गाणं लावलं आणि पाच मिनिटांत मशीनं काढून टेबलावर ठेवली.

"पेटीला सर्दी झालीय," म्हणाले.

इथे माझ्यातला इंजिनियर जागा झाला. थोडं तांत्रिक आहे, पण सहन करा, कारण आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी आज ना उद्या ही मशीनं येणार आहेत. श्रवणयंत्र हे बोलणं ऐकण्यासाठी बनवलेलं असतं. त्यातली चिप सतत ठरवत असते की येणारा आवाज म्हणजे बोलणं आहे की गोंगाट. जो आवाज एकसारखा चालू राहतो तो गोंगाट, म्हणजे पंखा, मिक्सर, बसचं इंजिन. तो ती कमी करते. आता सांगा, आपल्या गाण्यात एकसारखं काय चालू असतं? तानपुरा! म्हणजे ज्याच्यावर सगळं उभं आहे तेच मशीन खाली ढकलतं. दुसरं म्हणजे शिट्टी. मशीनच्या स्पीकरचा आवाज त्याच्याच माइकमध्ये शिरला की कुंई करून शिट्टी वाजते, ती मारण्यासाठी आत एक वेगळी व्यवस्था असते. तिला लांब, शुद्ध, स्थिर स्वर दिसला की ती त्याला शिट्टी समजते आणि उलटा आवाज सोडून खोडायला जाते. ऑर्गनचा लांबवलेला षड्ज म्हणजे तिच्या लेखी शिट्टीच. मग तो स्वर थरथरतो, वाकतो, दुहेरी होतो. पेटीला सर्दी झाली याचा अर्थ हा.

लातूरच्या ऑडिओलॉजिस्ट बाईंना हे सांगितलं. भल्या बाई, वैतागल्या नाहीत. त्यांनी गाण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम करून दिला, त्यात या दोन्ही गोष्टी बंद. आणखी एक युक्ती सांगितली. टेपचा, म्हणजे आता मोबाईलच्या स्पीकरचा आवाज कमी ठेवायचा आणि मशीनचा वाढवायचा. फार मोठा आवाज मशीनच्या तोंडाशीच फाटतो, आणि तिथे फाटला की पुढे कुणी शिवू शकत नाही. ही एवढी एक गोष्ट केली तरी निम्मा फरक पडतो. कुणाच्या आजोबांकडे मशीन असेल तर आज रात्री करून बघा.

तरीही अण्णा अर्ध्या तासात थकतात. ऐकणं हेच काम होऊन बसतं, मेंदू रिकाम्या जागा भरत बसतो. मी दिवाळीला त्यांना मोबाईलमध्ये सगळी स्ट्रीमिंगची दुनिया उघडून दिली. एका पदाची पंचवीस-तीस रेकॉर्डिंग्ज! त्यांनी दोन दिवस पाहिलं आणि फोन परत दिला.

"एका गाण्याचं एकच दे. सतरा दिलीस तर मी एकबी ऐकणार नाही."

अर्धा तास म्हणजे दहा गाणी. प्रत्येकाचं एक रेकॉर्डिंग. अशी यादी करायची ठरली.

सुरुवात 'स्वयंवर'पासून केली, कारण अण्णांचं दैवत ते. संगीत स्वयंवर, १९१६, शब्द कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे, रुक्मिणी बालगंधर्व, आणि चाली भास्करबुवा बखल्यांच्या. आमच्या त्या बीथोवनवाल्याला मी भास्करबुवांबद्दल सांगितलं तेव्हा त्याचा विश्वास बसेना. १८६९ साली जन्मलेला माणूस ग्वाल्हेरच्या फैज महंमद खाँसाहेबांकडे शिकतो, मग आग्र्याच्या नत्थन खाँकडे, मग जयपूरच्या अल्लादिया खाँकडे. तीन घराण्यांचं गाणं एका गळ्यात! पुण्यात १९११ साली गाण्याची संस्था काढतो, ती आजचा भारत गायन समाज. बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव यांच्यासारखे शिष्य तयार करतो. आणि १९२२ साली जातो तो स्वतःच्या आवाजाची एकही ध्वनिमुद्रिका मागे न ठेवता. एकही नाही. आवाज कसा होता हे आज जिवंत असलेल्या कुणालाही ठाऊक नाही.

"मग स्कोअर असेल ना?" मित्र म्हणाला. नाही बाबा. तिथेच तर सगळी गंमत आहे. बीथोवनचा कागद आहे. कारायान काय किंवा क्लायबर काय, समोर तोच कागद ठेवून बसतात, वाद असतो तो फक्त वेगाचा आणि वजनाचा. आमच्याकडे भास्करबुवांनी एखादी खानदानी बंदिश घेतली, तिच्यावर खाडिलकरांचे शब्द बसवले, आणि ती बालगंधर्वांच्या गळ्यात घातली. पुढे त्या गळ्यानं रोज रात्री ती वेगळी गायली. वन्समोअरवर वन्समोअर, पहाटेपर्यंत. मागे तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष. स्वरलिपी लिहिली तरी ती गावाच्या नकाशासारखी. नकाशात गल्ली दिसते, गल्लीतला वास येत नाही.

आणि या सगळ्यातून तबकडीवर उतरलं किती? बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं. सीडीची लांबी ७४ मिनिटं का, याची एक गोष्ट सांगतात, की बीथोवनची नववी सिंफनी अख्खी मावावी म्हणून. खरी असो नसो, तिकडे गाण्याच्या मापानं तबकडी शिवल्याची गोष्ट तरी आहे. आमच्याकडे तबकडीच्या मापानं गाणं कापलं. रंगमंचावर वीस-पंचवीस मिनिटं फुलणारं पद तीन मिनिटांत बसवायचं म्हणजे काय काय टाकायचं आणि काय ठेवायचं, हा निर्णय बालगंधर्वांनी घेतला, आणि माझ्या मते तो निर्णय ही वेगळी रचनाच आहे. त्या रेकॉर्डला मी रंगमंचावरच्या गाण्याची झेरॉक्स समजत नाही.

असो. प्रयोगाकडे येतो.

पहिलं पद 'नाथ हा माझा'. यमन. यासाठी माझ्याकडे पाच उमेदवार होते. बालगंधर्वांची जुनी रेकॉर्ड, खरखरीसकट. तीच रेकॉर्ड, पण कुणीतरी कॉम्प्युटरवर साफ केलेली. कुमार गंधर्वांचं. शिलेदार परंपरेतलं, म्हणजे जयमालाबाईंच्या वळणाचं. आणि एका तरुण गायिकेचं अलीकडचं, स्टुडिओतलं, चकचकीत. मी पाचही फाइल्सचा आवाज मोजून सारखा केला, कारण थोडं मोठं वाजलं की कानाला ते उगाच चांगलं वाटतं. नावं बदलून अ, आ, इ, ई, उ अशी ठेवली आणि अण्णांसमोर बसलो. आंधळी चाचणी!

पहिल्या दोन सेकंदांत अण्णा म्हणाले, "अरे, हे बालगंधर्व हैत. ह्याच्यात आंधळं काय है?"

चाचणी तिथेच बारगळली. पण त्यांचं बोलणं मी टिपून घेतलं. साफ केलेल्या रेकॉर्डबद्दल, "ह्यांना कुणी धुऊन वाळत घातलंय?" चकचकीत नव्याबद्दल, "बाई विहिरीत उभी राहून गायलीय." हे मात्र अगदी बरोबर. रिव्हर्ब भरपूर होता, आणि घुमणं हे श्रवणयंत्राचं मोठंच दुखणं. प्रत्येक अक्षराचं शेपूट पुढच्या अक्षरावर पडतं. शिलेदारांच्या वळणाबद्दल आदरानं, "गाणं खरं है, पण वरच्या सुरात कानात टोचायलंय." वरचे स्वर मशीन जास्त वाढवतं, त्यात गायिकेचा दोष शून्य. या घराण्यानं १९४९ पासून 'मराठी रंगभूमी' संस्था चालवून ही नाटकं जिवंत ठेवली, जयमालाबाई २०१३ साली गेल्या, कीर्तीताई २०२२ साली. चांगला कान असलेल्या माणसानं स्वयंवर ऐकायचं तर मी त्याला आधी त्यांच्याकडे पाठवीन, कारण तिथे पद नाटकातलं म्हणून गायलं जातं, मैफलीतलं म्हणून नाही.

आणि कुमार. इथे माझी खरी अडचण.

साठच्या दशकात कुमार गंधर्वांनी 'मला उमजलेले बालगंधर्व' नावाचा कार्यक्रम केला. नावच बघा. 'बालगंधर्वांची गाणी' असं नाही, 'उमजलेले', आणि तेही 'मला'. लोक वर्षानुवर्षं बालगंधर्वांची नक्कल करत होते, त्यात या माणसानं नकलेच्या वाटेला न जाता एवढंच दाखवलं की बालगंधर्व शब्द कुठे सोडतात आणि सोडल्यावर तो कुठे जाऊन पडतो. क्षयानं वर्षानुवर्षं गाणं बंद पडलेला, त्यातून उठलेला आवाज. छोटे छोटे फेक, मग एकदम इतका हळू की आपण श्वास धरतो, आणि पुन्हा एकदम भरलेला. मला विचाराल तर भास्करबुवांच्या यमनातल्या त्या चालीचं आजवरचं सर्वोत्तम रेकॉर्डिंग हे आहे. इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षी हॉस्टेलवर मी पहिल्यांदा ऐकलं आणि सबमिशन सोडून तेच सात-आठ वेळा ऐकलं. मोठ्यानं, रूममेटच्या शिव्या खात.

अण्णांना ते सपाट वाटलं.

"चांगलंय," म्हणाले, पण चेहरा वाचता येतो ना! मी चिडलो, खोटं कशाला सांगू. परत लावलं. परत तेच. मग रात्री गच्चीवर बसून विचार केला तेव्हा उलगडलं. अशा कानाला फार हळू आवाज ऐकू येत नाही आणि फार मोठा सहन होत नाही, मधली पट्टी अरुंद होते. म्हणून मशीन हळूला वर उचलतं आणि मोठ्याला दाबतं, सगळं त्या अरुंद पट्टीत बसवतं. बोलण्यासाठी ही सोय उत्तम. पण कुमारांच्या गाण्यात जे आहे ते नेमकं त्या हळू आणि भरलेल्याच्या मधल्या अंतरात आहे. ते अंतरच मशीन बुजवून टाकतं. माझ्या सगळ्यात आवडत्या रेकॉर्डिंगमधली जी जागा मला अण्णांना ऐकवायची होती, ती त्यांच्या कानापर्यंत पोचणारच नाही. संगीताचा प्रोग्रॅम लावूनही फारशी नाही. मी ती जागा आता हातवारे करून सांगतो, अण्णा मान डोलावतात. ते माझ्यासाठी डोलावतात, मला कळतं.

राहिली ती जुनी रेकॉर्ड. तिथे प्रकार उलटा. भोंग्यात गाऊन केलेल्या अगदी जुन्या मुद्रणांत साधारण अडीच हजार हर्ट्झच्या पुढचं फारसं काही नसायचंच, आणि १९२५ नंतर मायक्रोफोन आला तरी पाच-सहा हजारांपुढे कारभार आटोपायचा. आपण या रेकॉर्ड ऐकतो तेव्हा म्हणतो, अरेरे, केवढं गेलं. अण्णांच्या कानातही नेमकं तेवढंच गेलंय! म्हणजे रेकॉर्डमध्ये जे उरलंय आणि अण्णांना जे ऐकू येतं, ते जवळजवळ एकच. काही हरवल्यासारखं त्यांना वाटतच नाही. त्यात गायक तोंड जवळ आणून, सगळा जीव मधल्या पट्टीत ओतून गातो, कारण तसं गायलं नाही तर यंत्रात काही उमटायचंच नाही. घुमणं नाही, साथ मागे. माणसाच्या गाण्याचा मूळ स्वर क्वचितच हजार हर्ट्झच्या वर जातो, तेव्हा स्वर सगळे शाबूत. आणि बालगंधर्वांचे उच्चार! व्यंजन ऐकू आलं नाही तरी पुढच्या स्वराला ते असा काही झोल देतात की व्यंजन कुठलं होतं ते कळतं.

साफ केलेली प्रत मग वाईट का वाटावी? कारण खरखर काढणाऱ्या प्रोग्रॅमला खरखर आणि 'स' यांतला फरक नीट कळत नाही. दोन्ही वरच्या पट्टीतले, दोन्ही फिस्स करणारे. खरखरीबरोबर तो उरलासुरला 'स'ही पुसतो. अण्णांना हे मी समजावलं. ते फिटर आहेत, त्यांना लगेच पटलं. गंज काढताना पत्रा पातळ होतो, म्हणाले.

"खरखर राहू दे. तिच्या मागं माणूस है."

पण एक शंका मला सोडेना. अण्णांनी ही रेकॉर्ड लहानपणापासून शेकडो वेळा ऐकलीय. ते आज ऐकतायत की नुसतं आठवतायत? जुनी रेकॉर्ड लागली की मेंदू आतली प्रत वाजवत असेल आणि कान आपला नावाला. तसं असेल तर माझी सगळी थिअरी फुकट, आणि त्याहून वाईट म्हणजे अण्णांना यापुढे नवीन गाणं मिळणारच नाही, फक्त जुनं परत मिळेल. म्हणून मी अशी दोन पदं शोधली जी त्यांनी सांगण्यासारखी कधी ऐकली नव्हती, आणि ज्यांची जुनी आणि नवी दोन्ही मुद्रणं सापडली. ऐकून शब्द कागदावर लिहायला सांगितले, शाळेतल्या शुद्धलेखनासारखे. अण्णा कुरकुरले, पण बसले. पहिल्या पदात जुन्या रेकॉर्डवर निम्म्याहून जास्त शब्द बरोबर, नव्यावर चार-पाच. दुसऱ्यात मात्र दोन्हीकडे सारखीच बोंब. म्हणजे थिअरी अर्धी खरी. त्या दुसऱ्या पदाचे शब्द इतके संस्कृतप्रचुर होते की मलाही कळले नव्हते, ते सोडा.

या भानगडीत आणखी एक गोष्ट लक्षात आली. एकाच जुन्या रेकॉर्डच्या दोन डिजिटल प्रती वेगवेगळ्या पट्टीत वाजतात! जुन्या तबकड्या सगळ्या नेमक्या ७८च्या वेगानं केलेल्या नसत, आणि आज उतरवणारा आपल्या मनानं वेग धरतो. वेग सहा टक्के वाढला की पट्टी काळी एकवरून पांढरी दोनवर जाते. माझ्याकडच्या दोन प्रतींत जवळपास तेवढा फरक निघाला. एकीत बालगंधर्व किंचित चिरके, घाईत. दुसरीत शांत. आजवर आपण 'बालगंधर्वांचा आवाज' म्हणून ज्यावर वाद घातले त्यातले किती वाद या सहा टक्क्यांचे असतील कोण जाणे. मी अण्णांना विचारून शांतवाली ठेवली. खालच्या पट्टीत असल्यानं ती त्यांना जास्त मिळतेही.

तर यमनातलं ठरलं. बालगंधर्व, न धुतलेले, शांत प्रत. बिहागातलं 'मम आत्मा गमला' तर एका मिनिटात ठरलं, कारण अण्णा दुसरं ऐकायलाच तयार नव्हते. मास्टर कृष्णरावांच्या रेकॉर्डही यादीत घेतल्या, भास्करबुवांच्या गाण्याकडे जाणारा दुसरा रस्ता म्हणून. बुवांचा गळा ऐकायला मिळत नसला तरी त्यांच्या दोन शिष्यांच्या गळ्यांत जे सारखं आहे ते बुवांचं असणार, असा माझा आपला हिशेब. समीकरणं सोडवल्यासारखा. संगीतवाले हसतील. कृष्णरावांची लय उड्या मारत जाते, बालगंधर्वांची तरंगत, पण दोघेही समेवर येताना शेवटच्या क्षणापर्यंत येणार नाही असं भासवतात. ते मला बुवांचं वाटतं.

आनंद भाटेंचं एक घातलंय, २०११च्या 'बालगंधर्व' चित्रपटातलं. त्या गाण्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आमच्या पिढीला बालगंधर्व कळले ते सुबोध भावेचा चेहरा आणि भाट्यांचा गळा असेच. अण्णांनी भुवया वर केल्या, पण ऐकतात. "पोरगं नेकीनं गातंय," असा शेरा मिळालाय. आमच्याकडे याहून मोठं सर्टिफिकेट नाही.

कुमार माझ्या फोनमध्ये आहेत. अण्णांच्या यादीत नाहीत.

आता अडलंय ते भूपावर. 'सुजन कसा मन चोरी'. याची बालगंधर्वांची जी प्रत मिळाली ती इतकी झिजलेली आहे की खरखरीच्या मागचा माणूसही दिसेनासा होतो, आणि नव्यांत एका मैफलीतलं असं रेकॉर्डिंग आहे की जे खोलीत, साध्या माइकवर, न घुमवता केलंय. अण्णांना त्यातले शब्द कळतात, पण ते बालगंधर्व नाहीत. दोन्ही ठेव, असं ते म्हणतात. नियम त्यांचाच, की एकाचं एकच, आणि मोडायलाही तेच निघाले. कार्डात जागा हवी तेवढी आहे, प्रश्न त्यांच्या अर्ध्या तासाचा आहे, जो आता पंचवीस मिनिटांवर आलाय.

फेब्रुवारीत पुन्हा ऑडिओमेट्री झाली. उजवा कान आणखी दहा डेसिबलनं खाली गेलाय, डावा आहे तिथेच. पुढची ऑगस्टमध्ये आहे. भूपाचं त्याच्या आत ठरवायचं, असं आमचं फोनवर ठरलंय. म्हणजे मी बोललो, आईनं त्यांच्या डाव्या कानाशी जाऊन सांगितलं, आणि मागून "व्हय" ऐकू आलं.